कुठलं, कधीचं, कोणासाठी? साथीतले फॉरवर्ड सोसायटीने कसे तपासावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडवर २१० फ्लॅटची सोसायटी. कोविडच्या काळात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काढ्यापासून लॉकडाऊनच्या खोट्या आदेशापर्यंत सगळं फिरलं. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूच्या बातम्या आल्या आणि तेच पुन्हा सुरू झालं. सचिव विचारतात: पुढच्या साथीत कमिटीने नेमकं काय करायचं, ज्येष्ठांना न दुखावता हे कसं थांबवायचं, आणि ॲडमिनवर गुन्हा दाखल होतो का?

आधी एक गैरसमज बाजूला काढू. खोटा मेसेज म्हणजे कुणीतरी बसून रचलेली थाप, असं धरून चाललात तर बरेच मेसेज तुमच्या चाळणीतून सुटतील. साथीत निव्वळ थापेपेक्षा जागेवरून हललेलं खरं जास्त त्रास देतं. व्हिडिओ खरा, पण दुसऱ्या देशातला. औषध खरं, पण दुसऱ्या रुग्णाचं. आदेश खरा, पण शेजारच्या महापालिकेचा. फोन नंबर खरा, पण गेल्या आठवड्यातला. म्हणून ‘हे खरं आहे का?’ असं विचारलं की पाठवणारा छातीवर हात ठेवून ‘हो’ म्हणतो, आणि त्याच्या परीने तो खोटं बोलतही नसतो. त्याला विचारायचं ते हे: कुठलं? कधीचं? कोणासाठी? या तीन प्रश्नांत बहुतेक फॉरवर्ड कुठेतरी अडकतात.

एचएमपीव्हीचंच बघा. ‘चीनमध्ये नवा विषाणू’ म्हणून गर्दीने भरलेल्या हॉस्पिटलांचे जुने व्हिडिओ फिरले. हा विषाणू डच संशोधकांनी २००१ मध्येच ओळखला होता, आणि लहान मुलांच्या सर्दी-खोकल्यात तो आपल्याकडेही सापडत आलेला आहे. एप्रिल २०२० मध्ये फळांना थुंकी लावणाऱ्या विक्रेत्याचा व्हिडिओ ‘कोरोना पसरवण्याचा कट’ म्हणून फिरला. तो मध्य प्रदेशातल्या रायसेनचा, फेब्रुवारीतला, म्हणजे लॉकडाऊनच्या आधीचा होता. अशा क्लिपांवरून काही सोसायट्यांच्या गेटवर भाजीवाल्यांचं नाव विचारून आत सोडणं सुरू झालं. हा ‘कधीचं’ न विचारल्याचा परिणाम.

‘कोणासाठी’ हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि जिवावर बेततो तो तोच. डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचे निकाल जून २०२० मध्ये आले: रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिल्यावर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना काही फायदा दिसला नाही. हे शेवटचं वाक्य फॉरवर्ड होताना गळालं. दुसऱ्या लाटेत ‘होम आयसोलेशन किट’ म्हणून प्रिस्क्रिप्शनचे फोटो फिरले. त्यांत स्टेरॉइड पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून होतं. ताप आलेल्या, पण ऑक्सिजन ९७ असलेल्या माणसाने ते घेतलं की साखर चढते आणि विषाणू अजून वाढत असतानाच प्रतिकारशक्ती दबते. मधुमेही माणसाला म्युकरमायकोसिसची, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराची, वाट मोकळी होते. प्रिस्क्रिप्शन खरं होतं, सही खऱ्या डॉक्टरची होती, फक्त वरचं नाव दुसऱ्या पेशंटचं होतं. म्हणून एक नियम आत्ताच करून ठेवा: ग्रुपवर प्रिस्क्रिप्शनचा फोटो टाकायचा नाही. कुणाचाही, कसलाही, कितीही मोठ्या डॉक्टरचा.

आदेश: हद्द कोणाची, सही कोणाची

आपल्या पट्ट्यात खोट्या आणि चुकीच्या आदेशांचं पीक जास्त येतं, कारण इथल्या हद्दीच गुंतागुंतीच्या आहेत. खारघर घ्या: महापालिका पनवेलची, जिल्हाधिकारी रायगडचे, पोलीस आयुक्त नवी मुंबईचे. बेलापूर ते दिघा नवी मुंबई महापालिका, पण जिल्हा ठाणे. तुमच्या घोडबंदर रोडवर गायमुखपर्यंत ठाणे महापालिका. घाट चढून काशिमीऱ्याकडे उतरलात की मिरा-भाईंदर, आणि १ ऑक्टोबर २०२० पासून तिथलं पोलीस आयुक्तालयही वेगळं. जून २०२१ मध्ये राज्याने निर्बंधांचे पाच स्तर केले, तेव्हा २०११ च्या जनगणनेत दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिका स्वतंत्र घटक धरल्या गेल्या. ठाणे वेगळं, नवी मुंबई वेगळी, कल्याण-डोंबिवली वेगळी. पनवेल मात्र रायगड जिल्ह्यासोबत. कळव्याहून विटावा ओलांडून दिघ्यात शिरलं की नियम बदलू शकत होता. अशा ठिकाणी वाशीच्या मावशीने कळव्याच्या भाच्याला पाठवलेला अस्सल आदेशसुद्धा कळव्यात खोटाच ठरतो.

तेव्हा आदेशाची पीडीएफ किंवा फोटो आला की क्रमाने बघायचं. पहिलं, कार्यालय कोणतं आणि आपण त्याच्या हद्दीत आहोत का. निम्मे वाद इथेच मिटतात. दुसरं, सही करणाऱ्याला तो अधिकार आहे का. दुकानांच्या वेळा महापालिका आयुक्त किंवा राज्याचे मुख्य सचिव ठरवतील. जमावबंदीचा आदेश पोलीस आयुक्तांचा असेल (तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३). केंद्रीय आरोग्य मंत्रालय ठाण्यातल्या वाणसामानाच्या दुकानाची वेळ ठरवत बसत नाही. तिसरं, तारीख आणि वार जुळतात का. जुन्या आदेशाची तारीख बदलणारे वार बदलायला हमखास विसरतात, आणि कॅलेंडर बघायला दहा सेकंद लागतात.

क्रमांकावर मात्र फार विसंबू नका. राज्याचे कोविड निर्बंधांचे आदेश ‘डीएमयू/२०२०/सीआर ९२/डिसएम-१’ या एकाच क्रमांकाने निघत राहिले, म्हणजे क्रमांक बरोबर असूनही आदेश वर्षभर जुना असू शकत होता. नावाचंही तसंच. विपिन शर्मा जून २०२० मध्ये ठाण्याचे आयुक्त झाले. त्याआधीच्या तारखेच्या आदेशावर त्यांचं नाव दिसलं तर कागद बनावट. पण अभिजित बांगर जुलै २०२० पासून नवी मुंबईचे आयुक्त होते आणि २०२२ मध्ये ठाण्याला आले, त्यामुळे ‘बांगर साहेबांची सही आहे’ एवढ्यावरून कागद कुठल्या शहराचा हे ठरत नाही. शासन निर्णय असेल तर त्यावर लांबलचक संगणक सांकेतांक असतो. तो राज्य सरकारच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर टाकून बघायचा. महापालिकेचा आदेश असेल तर महापालिकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत हँडलवर. तिथे नसेल तर ग्रुपवर जाणार नाही. थोडा उशीर होईल, होऊ द्या.

आणि ‘आज मध्यरात्रीपासून’ या शब्दांपासून सावध. ज्या मेसेजमध्ये ‘आज’, ‘उद्या’, ‘येत्या सोमवारी’ असतं पण तारीख नसते, तो कधीच शिळा होत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा फिरला तरी ताजा वाटतो. गाड्या सुटणार या आशेने १४ एप्रिल २०२० ला वांद्रे स्टेशनबाहेर किती मजूर जमले होते, ते सगळ्यांनी पाहिलं. त्याच दिवशी लॉकडाऊन ३ मेपर्यंत वाढल्याचं जाहीर झालं होतं.

व्हिडिओ आणि फोटो

फोटो गूगल लेन्समध्ये टाकून शोधणं आता बहुतेकांना येतं. व्हिडिओसाठी तीच युक्ती थोड्या कष्टाने: दृश्य बदलतं त्या ठिकाणी थांबवून तीन-चार स्क्रीनशॉट घ्यायचे आणि एकेक शोधायचा. पहिल्या फ्रेमवर समाधान मानू नका, तिथे बऱ्याचदा कुणीतरी नवं शीर्षक चिकटवलेलं असतं. फोटोच्या फाइलमधली तारीख-ठिकाणाची माहिती शोधत बसण्यात अर्थ नाही. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने गेलेल्या फोटोत ती उरत नाही.

शोध लागला नाही तर डोळे वापरा. ‘ठाण्यातल्या हॉस्पिटलबाहेरची परिस्थिती’ असं म्हणणाऱ्या व्हिडिओत गाड्यांच्या पाट्या बघा. ठाण्याची एमएच ०४, कल्याणची ०५, नवी मुंबईची ४३, पनवेलची ४६. सगळ्या गाड्या दुसऱ्या राज्याच्या असतील तर व्हिडिओ इथला नाही. दुकानांच्या पाट्यांची लिपी, बसवर टीएमटी की एनएमएमटी, पोलिसांचा गणवेश, पाऊस-ऊन, लोकांच्या तोंडावर मास्क आहेत की नाहीत. मे महिन्याचा म्हणून सांगितलेल्या व्हिडिओत लोक स्वेटर घालून उभे असतील तर पुढे बघायची गरज नाही.

ऑडिओ क्लिप सर्वांत अवघड. ‘मी अमुक हॉस्पिटलमधून डॉक्टर बोलतोय, हे फक्त आपल्या माणसांसाठी’ असा कापरा आवाज चित्रापेक्षा खोल जातो, कारण तो फोनवरच्या नातेवाइकासारखा वाटतो. इथे एक करता येतं: क्लिपमधलं एखादं विचित्र, विशिष्ट वाक्य शब्दशः लिहून अवतरणचिन्हांत शोधायचं, शेवटी ‘फॅक्ट चेक’ जोडून. मराठीत सापडलं नाही तर तेच हिंदीत आणि इंग्रजीत, कारण अफवा भाषांतर होऊन येतात. फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर या तथ्य तपासणाऱ्या संस्था मराठीतही काम करतात. ऑल्ट न्यूज आणि बूम हिंदी-इंग्रजीत. केंद्र सरकारचं पीआयबी फॅक्ट चेक फक्त केंद्र सरकारशी संबंधित दावे तपासतं. ठाणे महापालिकेच्या आदेशाबद्दल त्यांच्याकडे विचारणा करून उत्तराची वाट बघत बसू नका. क्लिपमध्ये डॉक्टरचं नाव असेल तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीत ते सापडतं का बघा. सापडलं तरी आवाज त्याचाच आहे हे सिद्ध होत नाही. आता तर आवाजाची हुबेहूब नक्कल यंत्राने होते. नाव सापडलं तर त्यांच्या दवाखान्याच्या नंबरवर फोन, तोही मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, स्वतः शोधलेल्या.

आकडे: खरे आणि तरीही दिशाभूल करणारे

‘हॉस्पिटलात भरती झालेल्यांपैकी बहुतेकांनी लस घेतली होती!’ हा दावा अनेकदा खरा असतो, आणि त्याचा लावलेला अर्थ चुकीचा असतो. समजा, संकुलात १,००० प्रौढ आहेत. ९५० जणांनी लस घेतली, ५० जणांनी नाही. लस घेतलेल्यांत दर शंभरी २ जण भरती झाले, म्हणजे १९. न घेतलेल्यांत दर शंभरी १०, म्हणजे ५. एकूण २४ भरती, त्यांतले १९ लसवाले: जवळजवळ ८० टक्के. मथळा तयार. प्रत्यक्षात लस न घेतलेल्याचा धोका पाचपट आहे. असा दावा आला की विचारायचं, ‘मुळात लस घेतलेले किती होते?’ हे गणित (आकडे उदाहरणापुरते) एका कागदावर करून ठेवा. गोवर असो की फ्लू, ते पुन्हा लागणार आहे.

दुसरा हिशेब मृत्यूंचा. नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या २०११ मध्ये सव्वाअकरा लाखांच्या आसपास होती. भारताचा मृत्युदर हजारी सुमारे ६ धरला तर कोणतीही साथ नसताना एवढ्या वस्तीत वर्षाला पावणेसात हजारांच्या घरात, रोज सरासरी १८ मृत्यू होतात. सगळ्या शहराने एकाच सकाळी वडापाव खाल्ला तर पुढच्या आठवड्यात सव्वाशे माणसं ‘वडापाव खाल्ल्यानंतर’ गेलेली असतील. लस घेतल्यानंतर चार दिवसांनी गेलेल्या काकांचा मेसेज वाचताना हा पार्श्वभूमीचा आकडा डोक्यात हवा. याचा अर्थ लसीला दुष्परिणाम नसतात असा नाही. कोविशील्ड ज्या तंत्राची, त्या ॲस्ट्राझेनेका लशीचा अत्यंत दुर्मिळ अशा रक्तगुठळ्यांशी संबंध युरोपच्या औषध नियामकाने एप्रिल २०२१ मध्येच मान्य केला होता. २०२४ मध्ये कंपनीच्या ब्रिटनमधल्या कोर्टातल्या कागदपत्रांची बातमी आली आणि तीन वर्षांपूर्वी डोस घेतलेले लोक घाबरून रक्ताच्या तपासण्या करायला धावले. हा त्रास डोसनंतरच्या साधारण पहिल्या काही आठवड्यांत दिसतो. माहिती खरी होती, फक्त ‘कधीचं’ कुणी विचारलं नाही. इथे ‘सगळं खोटं आहे’ असं ग्रुपवर ठोकून देणारा ॲडमिन पुढच्या वेळी कुणाला खरा वाटणार नाही, म्हणून असा दावा फेटाळताना त्यातला खरा भाग आधी मान्य करायचा.

बाकीच्या लस-अफवा उरकून टाकू. पाळीच्या आधी-नंतर पाच दिवस लस घेऊ नये, हे निराधार होतं. लस घेतलेले सगळे दोन वर्षांत मरणार, असं नोबेलविजेते लुक माँतान्ये म्हणाल्याचा मेसेज मे २०२१ चा. लसीकरणावर त्यांनी टीका केली होती, पण हे वाक्य त्यांचं नव्हतंच. अंगाला नाणी आणि चमचे चिकटतात, हा दावा जून २०२१ मध्ये नाशिकहून पसरला. त्यावर वाद घालू नका, टाल्कम पावडर आणा. घामट, तेलकट त्वचेवर गुळगुळीत नाणं चिकटतं. पावडर लावली की गळून पडतं. चुंबकाला पावडरीने फरक पडत नसतो.

घरगुती उपायांबद्दल भांडण वाढवू नये असं माझं मत आहे. हळदीचं दूध कुणी पीत असेल तर पिऊ द्या. आडवं जायचं ते दोनच ठिकाणी: उपाय स्वतःच इजा करतो तेव्हा, किंवा त्याच्या भरवशावर उपचार लांबतो तेव्हा. उकळत्या पातेल्यावर डोकं धरून वाफ घेताना मुलं भाजतात. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. आणि २०२१ च्या एप्रिलमधली कापूर-ओव्याची पुरचुंडी दुसऱ्या प्रकारातली, कारण ती हुंगत लोक सिलिंडर शोधायला उशीर करत होते.

बेड, सिलिंडर, इंजेक्शनचे नंबर

एप्रिल-मे २०२१ मध्ये सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो या यादींनी. ‘व्हेरिफाइड’ शब्द लावलेली यादी, पण कुणी, कधी व्हेरिफाय केली ते नाही. अशी यादी निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात, ज्याच्याकडे माल संपला आहे त्याचा फोन शेकडो जण वाजवत राहतात, आणि रात्री दोन वाजता शोधणाऱ्या नातेवाइकाचे चाळीस फोन वाया जातात. पुन्हा वेळ आली तर यादीत प्रत्येक ओळीत एवढं हवं: तारीख, वेळ, फोन उचलला का, काय आणि किती शिल्लक, डिपॉझिट किती, आणि फोन करणाऱ्याचा फ्लॅट नंबर. टंचाईच्या दिवसांत चार तासांपेक्षा जुनी ओळ खोडायची. ओळ खोडण्याचं काम एकाच माणसाकडे द्या, नाहीतर दोन याद्या होतात आणि जुनीच जास्त फिरते.

आगाऊ यूपीआय मागणाऱ्याला पैसे पाठवायचे नाहीत. माल समोर बघून द्यायचे. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. पैसे पुढच्या खात्यात वळायच्या आत गोठवता येतात, म्हणून इथे मिनिटं मोजायची असतात. पोलीस ठाण्यात जाणं त्यानंतर.

सोसायटीतल्या लसीकरण शिबिरालाही हेच लागू. कांदिवलीतल्या एका संकुलात ३० मे २०२१ रोजी सुमारे ३९० जणांना बनावट शिबिरात टोचण्यात आलं. जागच्या जागी कोविन प्रमाणपत्र आलं नाही, आणि नंतर आली ती वेगवेगळ्या हॉस्पिटलांच्या नावाने. शिबिर ठरवताना मध्यस्थाने दिलेला नंबर सोडून हॉस्पिटलच्या मुख्य नंबरवर फोन करा, महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे नोंद आहे का विचारा, आणि पहिल्या दहा जणांची नोंद सरकारी प्रणालीत दिसेपर्यंत अकराव्याला सुई नको.

ग्रुपची मांडणी

एकच ग्रुप असेल तर पाण्याची सूचना, वाढदिवस आणि साथ एकाच गाळात जातात. दोन करा. एक ‘सूचना’: ग्रुप परमिशन्समध्ये जाऊन सदस्यांसाठी ‘सेंड न्यू मेसेजेस’ बंद, फक्त ॲडमिन लिहितील. दुसरा गप्पांचा, मोकळा. सूचना ग्रुपवर साथीच्या काळात दिवसातून दोनदाच लिहायचं, ठरलेल्या वेळी, समजा सकाळी ९ आणि रात्री ८. ठरलेली वेळ असली की मधल्या वेळात ‘काही कळलं का?’ म्हणून अफवा शोधणं आपोआप कमी होतं. अफवा पोकळीत वाढते. रात्री आठला ‘आज नवीन काही नाही’ एवढं लिहिलं तरी ती भरते.

तपासणारे तीन जण पुरेत. एक फोन करणारा, एक मराठीत नीट लिहिणारा, एक हिंदीत. सोसायटीतल्या डॉक्टरवर सगळं टाकू नका. साथीत ते आधीच दमलेले असतात, आणि हाडांचे डॉक्टर विषाणूंबद्दल आपल्यासारखेच बातम्यांवर अवलंबून असू शकतात.

फॉरवर्डच्या खुणा ओळखायला शिका. एक बाण म्हणजे फॉरवर्ड. दोन बाण म्हणजे मेसेज मूळ पाठवणाऱ्यापासून पाच किंवा जास्त हात फिरून आला आहे. ही बंधनं सहज आलेली नाहीत. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारी टोळी समजून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्या महिन्यात भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आली. एप्रिल २०२० मध्ये दोन बाणवाल्या मेसेजवर एका वेळी एकच चॅट अशी मर्यादा आली, आणि त्याच महिन्यात, जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या म्हणजे आताच्या पालघरमधल्या गडचिंचले गावात, चोरांच्या अफवा फिरत असताना दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. मर्यादेने वेग कमी होतो, अफवा थांबत नाही. शिवाय मजकूर कॉपी करून चिकटवला किंवा स्क्रीनशॉट काढला की बाण पुसला जातो. बाण नाही म्हणजे मेसेज शेजाऱ्याने स्वतः लिहिला, असं समजू नका.

दुरुस्तीचा मेसेज

इथे बहुतेक कमिट्या चुकतात. खोटा मेसेज पुन्हा टाकून खाली ‘हे फेक आहे’ लिहितात. पुढे जाताना खालची ओळ गळते आणि वरचं चित्र कमिटीच्या नावाने फिरतं. शिवाय तेच वाक्य दुसऱ्यांदा वाचलं की ते ओळखीचं आणि म्हणून खरं वाटू लागतं. चित्र दाखवायचंच असेल तर चित्रावरच आडवं, मोठ्या लाल अक्षरांत ‘चुकीचे’ लिहा. मजकुरात आधी खरं, मग अफवेचा एका ओळीत उल्लेख, मग काय करायचं, शेवटी तारीख-वेळ. ‘रीड मोअर’ येण्याआधी संपला पाहिजे. नमुना:

‘कापूर-ओव्याच्या पुरचुंडीने रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, एवढंच. पुरचुंडी हुंगली की सिलिंडर लागत नाही, हा फिरणारा मेसेज पाळू नका. ऑक्सिमीटर ९४ च्या खाली दाखवत असेल तर नेलपॉलिश काढून, हात उबदार करून, पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तरीही खालीच असेल तर लगेच डॉक्टरांना फोन करा. – कमिटी, शनिवार, २४ एप्रिल, सायं. ६.२०’

पाठवणाऱ्याचं नाव दुरुस्तीत कधीच नको. त्यांच्याशी वेगळं बोला, शक्यतो मेसेजऐवजी फोनवर. ‘काका, हे चुकीचं आहे’ याने दार बंद होतं. ‘काका, हा तुमच्याकडे कुठून आला? मला मूळ शोधायचंय’ याने काका तपासणीत सामील होतात. मेसेज तेच डिलीट करतील, सदस्याला सुमारे दोन दिवस ती मुभा असते. नाही केला तर ॲडमिनलाही आता सर्वांसाठी डिलीट करता येतो. सतत फॉरवर्ड करणारे काका खरं तर कामाचे असतात: त्यांना दिवसभर वेळ असतो आणि दहा ग्रुपांतलं सगळं आधी कळतं. ग्रुपवर टाकण्याआधी तपासणाऱ्या तिघांना पाठवा, अशी विनंती केली तर ते तुमचे वार्ताहर होतात.

रुग्णाचं नाव, फ्लॅट, रिपोर्टचा फोटो कोणत्याही ग्रुपवर नको. ‘बी विंगमध्ये एक पॉझिटिव्ह’ एवढ्यावरही लोक दरवाजा ओळखतात. नाव फुटलं की पुढचा माणूस तपासणी लपवतो, आणि मग कमिटीकडे माहितीच येत नाही.

ॲडमिन आणि कायदा

ग्रुपवर कुणी काही टाकलं म्हणून केवळ ॲडमिन असल्याने तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं: समान उद्देश असल्याचं दिसल्याशिवाय सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिन जबाबदार नाही. ते प्रकरण अफवेचं नव्हतं, महिला सदस्याबद्दलच्या आक्षेपार्ह मजकुराचं होतं, पण तत्त्व लागू पडतं. मात्र ॲडमिन मजकूर आधी रोखू शकत नाही, हाही त्या विचाराचा भाग होता. तेव्हा ॲडमिनला इतरांचा मेसेज सर्वांसाठी डिलीट करायची सोय नव्हती. ती २०२२ मध्ये आली. म्हणून माझा सल्ला: घबराट पसरवणारा मेसेज दिसला की तुम्ही तो काढल्याचा पुरावा राहू द्या, आणि स्वतः तो पुढे पाठवू नका. पुढे पाठवणाऱ्याला आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ५४ (खोटा इशारा, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड) आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ (जुनं भारतीय दंड विधानाचं ५०५) लागू शकतं. कुणी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ‘६६ अ’ची भीती घातली तर ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ लाच रद्द केलं आहे.

ग्रुपवर नसलेली माणसं

सुरक्षा रक्षक, घरकाम करणाऱ्या ताई, कचरा उचलणारे, लिफ्टवाले. सोसायटीचे नियम सर्वांत आधी यांच्यावर लागतात आणि सूचना सर्वांत शेवटी पोचते. दरम्यान त्यांच्या फोनवर गावाकडून, लोकमान्य नगर किंवा तुर्भे स्टोअरच्या वस्तीतून वेगळेच ऑडिओ येत असतात. गेटवर ए-थ्री कागद लावा, मोठ्या अक्षरांत, पाच ओळींपेक्षा जास्त नाही, मराठी आणि हिंदी. आणि चाळीस सेकंदांची व्हॉइस नोट, दोन्ही भाषांत वेगळी. ती फिरत जाणार, दुसऱ्या सोसायटीत, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या महिन्यात. म्हणून ठिकाण, तारीख आणि ‘कोणासाठी’ हे आवाजातच, पहिल्या वाक्यात घाला: ‘घोडबंदर रोडवरच्या आपल्या सोसायटीची सचिव बोलतेय. आज शनिवार, २४ एप्रिल. हे फक्त आपल्या गेटवर काम करणाऱ्यांसाठी आहे, आणि पुढच्या शनिवारपर्यंतच.’